बुरगानचा ज्वालामुखी

अरबीत ज्वालामुखीला बुर्कान म्हणतात हे मला माझ्या तिसरीतल्या मुलीमुळे कळलं. कुवेतमध्ये शाळा भारतीय असली तरी अरबी शिकावं लागतं, आणि आमच्या बाईसाहेब अरबीचा गृहपाठ शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात करतात. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिचं 'जबल म्हणजे माउंटन, बहर म्हणजे सी, बुर्कान म्हणजे व्होल्केनो' असं चाललं होतं. समोर माझे वडील शेंगा सोलत बसले होते. ते नाशिकहून भेटीच्या व्हिसावर आले होते. शेंगा सोलता सोलता ते म्हणाले, "बुरगान? आय वर्क देअर. मेनी इयर्स."

बुरगान हे इथलं मोठं तेलक्षेत्र. आम्ही मंगफला राहतो, तिथून गाडीनं वाळवंटात थोडं आत गेलं की ते लागतं. अरबीत लिहिताना या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, आणि आमच्यासारख्यांच्या कानांना तोही ऐकू येत नाही. मुलीनं पेन्सिल खाली ठेवली.

"आजोबा, यू वर्क्ड इन अ व्होल्केनो?"

मी हातातला झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले ते चूक दुरुस्त करायलाच. मला चुकीचं बोललेलं सहन होत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल घरात पुरेशी थट्टा होते. पण बाबांनी माझ्याकडे पाहून भुवया किंचित उचलल्या. राहू दे, असं. आणि तिला म्हणाले, "येस. व्हेरी बिग फायर."

हे खोटं नव्हतं. बाबा त्या तेलक्षेत्रात फिटर होते. नव्वद साली युद्ध झालं तेव्हा मी सात वर्षांची होते, आम्ही इथेच फहाहीलला राहायचो. बसमधून, मग विमानातून आम्ही तिघं कसेबसे मुंबईला पोचलो. पुढच्या वर्षी जाताजाता इराकी सैन्यानं तेलाच्या विहिरी पेटवून दिल्या, आणि त्या विझवायच्या कामाला कंपनीनं जुन्या माणसांना परत बोलावलं. आईनं रडून पाहिलं, भांडून पाहिलं. बाबा गेले. ते काम संपल्यावरही निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले, आम्ही मायलेकी नाशिकला. त्या आगींबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. आईही विचारायची नाही, फक्त त्यांना खोकल्याची उबळ आली की म्हणायची, "बाहेर काढा ते कुवेत एकदाचं."

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. खोकला मात्र राहिला आणि वाढला. मी इथे एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर मी माणसांना सांगत असते, श्वास घ्या, रोखून धरा. अरबीत सांगते, हिंदीत सांगते, मोडक्या मल्याळममध्येही सांगते. बाबा आले त्याच आठवड्यात मी त्यांना दवाखान्यात नेलं आणि मराठीत सांगितलं, "बाबा, श्वास घ्या. रोखा." त्यांना रोखता येईना. परत परत घ्यावा लागला. शेवटी स्क्रीनवर चित्र आलं. एक्स-रेत हवा काळी दिसते, त्यामुळे फुप्फुसं काळी दिसायला हवीत. बाबांची खालून पांढरी होत आली होती, कोळ्यानं जाळं धरावं तशी. इतका काळा धूर पोटात घेतलेल्या माणसाचा फोटो पांढरा यावा याचा मला तिथे उभ्या उभ्या संताप आला. डॉक्टर छातीठोकपणे धुराचं नाव घेत नव्हते. वय आहे, कारणं अनेक असतात, म्हणाले. यापुढे विमानप्रवास नको, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. आता परत जायचं तेवढं जाऊ द्या, म्हणाले.

म्हणजे ही शेवटची खेप. बाबांना ते माझ्याआधी कळलं होतं. गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता म्हणाले, "पोरीला मी आठवणार नाही गं. तुझ्या लग्नाच्या अल्बममधला एक म्हातारा, बस."

मी त्यांना उगाच धीर दिला नाही, कारण ते खरं होतं. माझ्या मुलीला मराठी येतं ते 'जेव', 'झोप', 'पुरे झालं टीव्ही' एवढंच. त्यात बापाचा वाटा मोठा. तो पुण्याचा आणि कंपनीत इंजिनियर, त्यामुळे घरीही मीटिंगमध्ये असल्यासारखा बोलतो. बाबांचं इंग्रजी कंपनीतलं. व्हॉल्व्ह क्लोज, प्रेशर हाय, परमिट रिक्वायर्ड. त्यात नातीशी काय बोलणार? आधीच्या दोन्ही खेपांना दोघं एकमेकांशी लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसांसारखी वागत होती. हाय आजोबा, गुड नाइट आजोबा. मधे काही नाही.

आणि आता अचानक हा ज्वालामुखी.

शाळेतून आली की दप्तर फेकून ती बाबांच्या पलंगावर चढायची. किती हॉट होता? लाव्हा कुठल्या रंगाचा होता? तुम्ही घाबरलात का? बाबा विचार करून उत्तरं द्यायचे. "व्हेरी हॉट. शूज मेल्टिंग." तिचे डोळे विस्फारायचे. "कलर ब्लॅक. फायर ऑरेंज, स्मोक ब्लॅक. डे अँड नाइट सेम." खोटं ते एकही बोलत नव्हते, फक्त एक शब्द दुरुस्त करत नव्हते. तिनं चित्र काढलं: टोकदार डोंगर, तोंडातून ज्वाळा, आणि शेजारी पिवळं हेल्मेट घातलेला काडीचा माणूस. खाली आजोबा असं लिहिलं, इंग्रजीतच, पण लिहिलं. बाबांनी ते उशीखाली ठेवलं.

एकदा ती झोपल्यावर मी विषय काढला. "बाबा, शाळेत सांगेल ती. कुणीतरी हसेल तिला."

"सांगू या की मग. मी गेल्यावर सांग."

"आणि तोवर?"

"तोवर माझं काय जातंय?" म्हणाले, आणि कुशीवर वळले. मला त्यांच्या पाठीचा राग आला आणि त्या पाठीकडे बघून रडूही आलं.

असं महिनाभर निभावलं असतं. पण आमच्या मंडळाला त्याच सुमारास उत्साहाची लाट आली. कुवेतमधल्या मराठी मंडळाला सणवार संपले की चैन पडत नाही. मग क्रिकेट, नाहीतर पाककृती, नाहीतर सहल. या वेळी ग्रुपवर फलक आला: 'एक दिवस इतिहासाचा! सकाळी फैलका बेटावरचे प्राचीन अवशेष, दुपारी बुरगान. सोबत माहितगार गाइड आणि मसालेभात.' मुलीनं माझ्या खांद्यावरून फोन पाहिला. फलकावर खाली अरबीतही लिहिलं होतं. तिनं बोट ठेवून वाचलं, ते एक वेगळं अक्षर घाईत सुटलं, आणि ती किंचाळली, "वी आर गोइंग टु द व्होल्केनो!"

मी बाबांकडे पाहिलं. या वेळी भुवया उचलल्या नाहीत त्यांनी. शेंगांची टरफलं गोळा करत राहिले. मला वाटलं आता तरी ते हो म्हणतील, सांगून टाक म्हणतील. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "अजून वेळ आहे. आज सांगितलं तर जरा रुसेल, दोन दिवसांत विसरेल."

"विसरेल म्हणूनच तर," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मला एकदा बघायचंय ते. तिला घेऊन. तिथे उभं राहून मीच सांगीन तिला सगळं. नीट सांगितलं तर कळेल पोरीला."

नवऱ्याला सुट्टी नव्हती. आम्ही तिघं गेलो.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता, आभाळ धुळीनं पिवळं, बोटीवर बोचरा वारा. बाबांना मी मफलरमध्ये गुंडाळलं होतं. गाइड रत्नागिरीकडचा तरुण मुसलमान होता, फहाहीलच्या एका ट्रॅव्हल ऑफिसातला. आमची माणसं पाहून तो खुलला आणि इंग्रजी सोडून आपल्या बोलीत सुरू झाला. "पान्याच्या बाटल्या घेतल्याव ना सगल्यांनी? तिकडं दुकान नाय." मंडळाच्या अध्यक्षीणबाई प्रत्येक वाक्याला "वा!" म्हणत होत्या. माझं डोकं आधीच तापलेलं, त्यात ते वा.

फैलकाचे अवशेष म्हणजे गुडघ्याएवढ्या दगडी भिंती. इथे ग्रीकांचं देऊळ, इथे किल्ला, त्याच्याही आधीच्या लोकांची घरं तिकडे, असं गाइड हात करून दाखवत होता. जे दाखवत होता ते काहीच उभं नव्हतं. सगळे माना डोलावून पुढे जात होते. मुलगी दर भिंतीपाशी माझी ओढणी ओढून विचारायची, हे कधी संपणार, व्होल्केनो कधी? बाबा एका भिंतीवर टेकले. ओठ निळसर झाले होते. मी पर्समधला दम्याचा फवारा दिला, तो दोनदा ओढला त्यांनी. अध्यक्षीणबाई येऊन म्हणाल्या, "काका, त्या भिंतीवर बसू नका हां, दोन हजार वर्षांपूर्वीची आहे." बाबा उठायला लागले. मी त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं आणि बाईंना म्हटलं, "दोन हजार वर्षं टिकली ना, अजून पाच मिनिटं टिकेल." त्यांनी मला त्यानंतर दिवसभर मसालेभात वाढताना हात आखडता घेतला.

पुढे बेटावरचं जुनं गाव लागलं. हे काही ग्रीकांचं नव्हे, माझ्या लहानपणचं. सैन्य आलं तेव्हा बेट रिकामं केलं गेलं आणि लोक पुन्हा राहायला आलेच नाहीत. दारं नसलेली घरं, भिंतींवर गोळ्यांच्या खुणा, एका खोलीत फरशीवर वाळू. इथे मात्र बाबा आपणहून थांबले. एका घराच्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "फहाहीलला आपली शेगडी अशीच होती, खिडकीखाली." मला आठवेना. मला त्या घरातलं काहीच आठवत नाही, सात वर्षांची होते तरी. मग मनात आलं, माझी मुलगी आठ वर्षांची आहे.

परतीच्या बोटीत आणि पुढच्या बसमध्ये बाबा डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले, पण ओठ हलत होते. वाक्यं जुळवत होते बहुतेक. कंपनीतल्या इंग्रजीत नातीला समजेल असं काय सांगायचं, त्याची तयारी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मग गाइडनं माइक घेतला. "आता डावीकडं बगा. बुरगान. फोटो कुणी काडायचे नायत, मना हाय." बस रस्त्याच्या कडेला थांबली. मुलगी सगळ्यांच्या आधी उडी मारून उतरली.

समोर तारेचं कुंपण होतं. पलीकडे सपाट वाळू, नजर जाईल तिथपर्यंत. पाइपांच्या रांगा, काही टाक्या, लांबवर एका नळकांड्याच्या टोकाला छोटीशी ज्योत, दिवसाउजेडी धड दिसतही नव्हती. डोंगर सोडाच, साधी टेकडीही नाही. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रस्त्याच्या पलीकडेही पाहून आली. मग बाबांपाशी येऊन उभी राहिली.

"व्हेअर इज इट?"

मंडळातली एक मोठी मुलगी, आठवी-नववीतली, हसत म्हणाली, "इट्स जस्ट अ ऑइल फील्ड, स्वीटी. देअर्स नो व्होल्केनो इन कुवेत." तिच्या मैत्रिणी हसल्या. माझ्या मुलीचे कान लाल झाले.

बाबांनी कुंपणाची तार धरली. "वेट," म्हणाले, "लिसन. आय टेल." आणि त्यांना शब्द सापडेनात. बसमध्ये जुळवलेलं सगळं वाऱ्यानं नेलं. प्रेशर म्हणाले, फायर म्हणाले, आणि मग मराठीत सुरू झाले. त्यांना बहुधा कळलंही नाही भाषा बदलली ते.

"दुपारी बारा वाजता गाड्यांचे दिवे लावून जायचो, बाळा. सूर्य दिसायचाच नाही. एक नाही, दोन नाही, जिकडं बघावं तिकडं विहिरी पेटलेल्या. तेलाचा पाऊस पडायचा, तेलाचा. आवाज असा की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू यायचं नाही. पाखरं वरून पडायची, काळी होऊन. पाणी नव्हतं विझवायला. मग तेल समुद्राकडे नेणारे पाइप आम्ही उलटे केले, समुद्राचं पाणी इकडं आणलं. एकेक करत विझवल्या. शेवटची बंद झाली त्या रात्री इतकं शांत झालं, इतकं शांत, की आम्हाला कुणाला झोपच..."

तिथे खोकला आला. ते वाकले, तार धरून वाकतच गेले. मी हे सगळं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि एका हातानं त्यांना धरून दुसऱ्या हातानं पर्समध्ये फवारा शोधत होते. मुलीला यातलं काय कळलं असेल? पाणी. पाऊस. झोप. ती ओठ आवळून उभी होती. म्हणाली, "यू लाइड टु मी. आय टोल्ड एव्हरीवन इन माय क्लास." आणि बसमध्ये जाऊन बसली.

मी तिच्यामागे गेले आणि तिला झापलं. आजोबांशी असं बोलतात का, आधी सॉरी म्हण. ते चुकलं की बरोबर, मला माहीत नाही. बाबा खाली गाइडचा हात धरून पायरी चढत होते. ती खिडकीकडे तोंड करून बसली, ते तिच्या शेजारच्या जागेपाशी क्षणभर थांबले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

त्यानंतर घरात सगळं पूर्ववत झालं. हाय आजोबा, गुड नाइट आजोबा. बाबांनी एकदोनदा प्रयत्न केला, तिच्यासाठी जम्इयातून, म्हणजे आमच्या सोसायटीच्या दुकानातून, चॉकलेटं आणली. तिनं थँक यू म्हटलं. मी तिला समजावणार होते. पण सकाळी ड्यूटी, संध्याकाळी बाबांची औषधं, आणि जरा रागही होता तिचा मनात. म्हटलं, निवळेल आपोआप. विमानतळावर व्हीलचेअर आली तेव्हा तिनं त्यांना मिठी मारली, आम्ही सांगितलं म्हणून मारतात तशी. बाबा मला म्हणाले, "रागावू नकोस तिला. माझीच हौस."

चैत्रात बाबा गेले. मी नाशिकला जाऊन सगळं उरकून आले. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो, आणि नवरा विचारत होता, शेवटी डॉक्टर काय म्हणाले. मी सांगत होते, तिकडच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून पहिला प्रश्न तोच विचारला, हे कुवेतला त्या आगींच्या वेळी होते का. इथे कुणी नाव घेत नव्हतं ते त्यांनी घेतलं. इतकी वर्षं तो धूर आत बसला होता, मी म्हणत होते. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, आम्ही बोलतो तसं.

मुलगी खाता खाता थांबली. "व्हॉट फायर?"

नवऱ्यानं तिला सांगितलं. विहिरी, सैन्य, धूर, किती महिने जळत होतं ते सगळं, स्वच्छ इंग्रजीत. त्याला ते काम फार छान जमतं. ती ऐकत होती. चमचा तिच्या हातात तसाच होता.

"अँड आजोबा वॉज देअर? इन दॅट?"

"हो," मी म्हटलं.

"अँड दॅट इज व्हाय ही डाइड?"

याही वेळी मी हो म्हटलं.

मग तिनं मान वर केली, आणि तिच्या आवाजात तोच राग होता, कुंपणापाशी होता तो. "देन व्हाय डिडन्ट ही टेल मी?"

मी घास खाली ठेवला.

"सांगितलं होतं गं त्यांनी," मी म्हटलं. "तुला सगळं सांगितलं होतं. मराठीत."